उपरण्याखालचा हात

मु. शेणवा, ता. शहापूर
१९ ऑगस्ट २००६

चि. अमोल,

अक्षरावरून ओळखणार नाहीस, म्हणून आधीच सांगतो की हे तुझ्या बापाने लिहिलंय. डाव्या हाताने. पाकिटावरचा पत्ता बघून पोस्टमन मला विचारत होता, धाकलूशेठ, यावरून कोंबडी चालवली का? पत्ता तुझ्या दोस्ताकडून, मंगळ्याकडून काढला. तुझ्या आईला विचारला असता तर तिने आधी तुझी परवानगी काढली असती.

कामाचं लिहितो. मुंबईत एक संस्था आहे, तिथे विजेवर चालणारा हात माणसांना बसवून बघणार आहेत. पैसे नाहीत, प्रयोग आहे. कोपराखाली हात गेलेली माणसं त्यांना हवी होती, शहापूरच्या डॉक्टरांनी माझं नाव दिलं. शर्टाच्या बाहीतून नुसता लोंबणारा रबरी हात नव्हे. हा उघडतो, मिटतो, मनगटात वळतो. चाचण्या पार केल्या तर घरी न्यायला देतात आणि पौष संपेपर्यंत ठेवू देतात. म्हणजे म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेला हात माझ्याजवळ असेल.

दोन जत्रा माझ्या कोरड्या गेल्या. बैल माझे, पारख माझी, आणि सौद्याला उपरण्याखाली हात घालायचा तो लडकू दलालाने. मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत मला मान आहे, पण तो आता आजारी माणसाला देतात तसला. चहा आधी देतात आणि भाव नंतर कळवतात.

तुझी आई म्हणते, हात बसला की अमोल घरी येईल. मी त्यावर काही बोललो नाही. पण म्हशाला माझ्या हाताने एक जोडी विकली, की तुला गावात कोणापुढे मान खाली घालायचं कारण राहत नाही, एवढं मलाही समजतं. त्याच्यासाठीच जातोय असं मात्र समजू नकोस. मला माझा धंदा हवाय.

उत्तर टाकलंस तर टाक.

धाकलू


शेणवा
१६ सप्टेंबर २००६

चि. अमोल,

उत्तर आलं नाही. पाऊस होता, पोस्ट अडकलं असेल, असं मी तुझ्या आईला सांगितलंय.

तीन वेळा मुंबईला जाऊन आलो आणि डोकं उठलंय. खुर्चीत बसवतात. उरलेल्या हाताभोवती पट्टा आवळतात, त्याला आतून रुपयाच्या नाण्याएवढ्या चकत्या. समोर संगणक. पडद्यावर मुठीचं चित्र आलं की आपण मूठ मिटायची. कुठली मूठ? जी नाही ती. मग उघडायची. मग मनगट आत, मनगट बाहेर, मग चिमूट. प्रत्येक वेळी कोपराखालचं मांस वेगळ्या तऱ्हेने हलतं, ते चकत्यांना कळतं, आणि संगणक लक्षात ठेवतो, की या माणसाची मूठ म्हणजे असं आणि चिमूट म्हणजे तसं. पुढे तसं हललं की तो ओळखतो आणि यंत्राचा हात तसा वळतो. जुन्या विजेच्या हातांना दोनच चकत्या असायच्या, एक उघडायला, एक मिटायला. हा नमुना ओळखणारा हात आहे.

तिथे संजीवनी मॅडम आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. त्या म्हणाल्या, काका, पूर्वी माणसाला हाताकडून शिकायला लागायचं, आता हात तुमच्याकडून शिकणार. मी म्हटलं, माझ्याकडून शिकायला आजवर कोणी तयार झालं नाही, आमच्या घरी विचारा. त्या हसल्या. हसणं चांगलं आहे, पण हात काही शिकेना. मी मूठ मिटली की तो मनगट फिरवतो. उघड म्हटलं की चिमूट करतो. एकदा काहीच न करता बसलो होतो तर आपोआप उघडला. शेजारच्या खुर्चीत भिवंडीचा एक यंत्रमागवाला असतो, त्याने पहिल्या दिवशीच प्लास्टिकचे पेले एकावर एक रचले. मी त्याचं कौतुक केलं. आतून जळालो.

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. तो हात मला अजून आहे. करंगळीला खाज येते, थंडीत बोटं आखडतात. म्हणून मला वाटलं होतं की हे मला चुटकीसरशी जमेल. बोटं तर आहेतच, नुसतं यंत्राला कळवायचं.

हात कसा गेला असं मॅडमनी कागद भरताना विचारलं. वैरण कापायच्या कुट्टीच्या यंत्रात, म्हटलं. आणखी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

धाकलू


शेणवा
७ ऑक्टोबर २००६

चि. अमोल,

मला काढून टाकायला निघाले होते.

पट्टा आवळून बसलो होतो, आणि लाकडी फळीच्या पलीकडे त्यांचे मोठे सर आणि मॅडम बोलत होते. त्यांना वाटतं खेडवळ माणसाला इंग्रजी येत नाही. नाहीच येत. पण नकार मला कुठल्याही भाषेत ऐकू येतो, बाजारात त्याच्यावरच पोट भरलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत मॅडम म्हणत होत्या की याची रेघ सगळ्याला सारखीच येते. सर म्हणाले, नस मेली असेल, पुढच्या बॅचला दुसरा घ्या. बॅच हा शब्द मला कळतो. कोंबड्यांच्या खुराड्यात पण तोच वापरतात.

मॅडम बाहेर आल्या आणि गोड बोलून समजावायला लागल्या. संगणकावर भिवंडीवाल्याची रेघ दाखवली, डोंगरासारखी वर-खाली. मग माझी दाखवली. लावणीआधीचं खाचर, सपाट. काका, तुम्ही प्रयत्नच करत नाही असं यंत्राला वाटतं, म्हणाल्या. अमोल, मी घामाने भिजलो होतो. त्या नसलेल्या मुठीत मी पोलाद चिरडत होतो.

त्या दिवशी तुझी आई बरोबर होती. ती आपली पिशवीतून भाकरी काढत होती. तिथूनच म्हणाली, "अवो बाय, ह्यांचा हात कधी काय बोलला हाय का? बोलायचाच नाय असा शिकवलाय त्याला."

मॅडमना काही समजेना. मग आईनेच सगळं सांगितलं. आमच्यात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी उजवा हात उपरण्याखाली घालायचा आणि एकमेकांची बोटं धरून, दाबून भाव सांगायचा. वर हवापाण्याच्या गप्पा. डावा हात या कामाला चालत नाही, डाव्या हाताचा सौदा कोणी धरत नाही. आणि भोवती दहा व्यापारी उभे असतात, ते उपरण्याकडे बघत नाहीत, हाताच्या शिरांकडे बघतात. शीर हलली की भाव फुटला.

पुढचं मी सांगितलं. मी शेणव्यात लोकांची गुरं वळणारा पोर होतो तेव्हा बैलांचा व्यापार करणाऱ्या गोजरबाबांनी मला हाताशी धरलं. ते माझ्या कोपराखाली आपला पंजा ठेवायचे आणि मला दुसऱ्याची बोटं दाबायला लावायचे. मांस जरा फुगलं की कानफटात. दोन उन्हाळे मार खाल्ला. मग हात मेला. बोटं दाबायची तर टोकांनी, वर सगळं शांत. मला काही नव्हतं तेव्हा तेवढा मुका हात होता, त्याच्यावर घर बांधलं.

मॅडमनी माझा पट्टा सैल केला. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही लपवताय?"

"मी नाय लपवत. तो लपवतो."

"मग मी यंत्राला काय शिकवू, काका? त्याला दिसलं तर ते ओळखणार."

आत जाऊन सरांशी भांडल्या. कार्तिक संपेपर्यंत मुदत मिळाली. सर मला म्हणाले, तुमच्यासारखा न जमणारा माणूस आम्हाला पुस्तकात सापडला नव्हता. ही शाबासकी होती म्हणे.

 परतीला आसनगावला उतरताना आई म्हणाली, माझ्या पण कितीदा मनात आलं व्हतं, ह्या माणसाची नस मेली म्हणून.

धाकलू


शेणवा
१२ नोव्हेंबर २००६

चि. अमोल,

दिवाळीला तू आला नाहीस. फराळाचा डबा मंगळ्याबरोबर पाठवला होता, तो रिकामा परत आला, म्हणजे खाल्लंस.

आमचा सराव चालू आहे आणि त्याने मी बेजार झालोय. गोजरबाबांनी घातलेली सवय मी आता म्हातारपणी मोडायला बसलोय, आणि गोजरबाबांच्या जागी तुझी आई. ओटीवर बसून माझ्या कोपराखाली पंजा ठेवते. मी मूठ मिटतो. "काय नाय," म्हणते. परत मिटतो. "काय नाय. झोपलाव का?" मी चिडतो. चिडलो की म्हणते, आता जरा हललं, असंच चिडत ऱ्हावा. सकाळी गुरांचं झालं की हे, संध्याकाळी तेच. शेजारची रंभा कुंपणावरून बघते आणि पदर तोंडाला लावते. या वयात नवरा-बायको हात धरून बसतात अशी वाडीभर बातमी आहे.

मॅडमनी एक युक्ती सांगितली. नुसतं 'मूठ' असं मनात आणू नका, काहीतरी जोराचं काम आठवा. मग मूठ म्हणजे मी अंगावर आलेल्या खोंडाची वेसण ओढतो. उघड म्हणजे दावं सोडून देतो. चिमूट म्हणजे बैलाच्या कानातली गोचीड काढतो. मनगट आत म्हणजे विहिरीच्या रहाटाची मूठ, बाहेर म्हणजे कुलूप. आता सांगतो ते तुझ्या आईला सांगू नकोस : वेसण ओढली की हात इतका फुगतो की मला माझीच लाज वाटते. भर बाजारात धोतर सुटल्यासारखं वाटतं.

पण रेघ उठली. परवा मुंबईला मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. डोंगर नव्हे, पण बांध म्हणता येतील. यंत्र मूठ ओळखतं, उघड ओळखतं. चिमूट अजून मुठीत मिसळते. पेले मीही रचले, एक पाडला. भिवंडीवाल्याने टाळी दिली, कुठल्या हाताने ते विचारू नकोस.

पास केलं. काठावर. हात पुढच्या आठवड्यात घरी येतोय.

ही बातमी कळवायला लिहिलं. आता तुझं काय ते कळव.

धाकलू


शेणवा
१७ डिसेंबर २००६

चि. अमोल,

हात घरात आहे आणि घरात शांतता नाही.

खुर्चीत बसून, हात टेबलावर ठेवून सगळं करतो तो. तिथून उठलो की परका. हात वर केला की उघडायच्या ऐवजी मिटतो. खाली सोडून चाललो की मनगट फिरवत बसतो. मॅडमना रंभाच्या घरच्या फोनवरून सांगितलं, त्या म्हणाल्या, बरोबर आहे काका, यंत्र तुमचा नमुना तुम्ही बसलेले असतानाच शिकलंय, हात उचलला की तेच मांस वेगळं ताणलं जातं, त्याला वाटतं हे काहीतरी नवीन. परत या, उभं राहून शिकवू. गेलो, शिकवलं. घाम आला की ते पण विसरतो. चहाचा कप धरला, चहा पायावर. दोरी धरली, सोडेना. बैलाला गोंजारायला गेलो, तर हातातल्या मोटरचा बारीक आवाज ऐकून तो बुजला, आणि मला एवढा राग आला की हात काढून पेंढ्यात फेकला. मग शोधत बसलो. आई म्हणाली, बरं झालं, कधी नाय तो राग तेवढा तरी बाहेर फेकलात.

बोलते ती अशी. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. तिला वाटतं मला हेही माहीत नाही की दर गुरुवारी ती रंभाकडे पापड लाटायला जात नाही. पापड बाराही महिने कोण लाटतं? फोन तुझा असतो. कुंपण कुडाचं आहे आणि माझे कान शाबूत आहेत.

परवाच्या गुरुवारी मी गोठ्यात होतो. तू काय म्हणालास ते मला कळलं नाही, पण ती काय म्हणाली ते कळलं. "अरे पोरा, ते तुला काय बोलले नाय म्हून तू घर सोडलंस? लोकं बोलले म्हून सोडतात." मग बराच वेळ ती नुसतं हूं हूं करत होती.

ते राहू दे. म्हशाला जत्रा पौष पुनवेला सुरू होते. माझी पांढरी खिल्लारी जोडी नेणार आहे, तिच्यासारखी जोडी या वर्षी तिथे दुसरी नसेल. लडकूला निरोप दिलाय की या वेळी सौद्याला मीच बसणार.

धाकलू


शेणवा
९ जानेवारी २००७

चि. अमोल,

म्हशाची हकिकत तुझ्या कानावर आली असेल. मंगळ्या तिथे होता आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. पण त्याने ती हसण्यासारखी सांगितली असेल. माझ्याकडून ऐक.

उभं राहून, हात पुढे करून सराव केला होता. जोडीला बघायला माणसं गोळा झाली. गिऱ्हाईक नाशकाकडचं होतं, त्याच्या वतीने लडकू उभा राहिला. त्याने उपरणं टाकलं आणि हात आत घातला. मी यंत्राचा हात आत घातला. आणि उपरणं मनगटावर पडल्याबरोबर, अमोल, माझा हात मेला. गोजरबाबा समोर उभे असल्यासारखा. वेसण आठवतोय, खोंड आठवतोय, आत काही हलत नाही. लडकू वरती थंडीच्या गप्पा मारतोय, बिचारा वाट बघतोय. त्याची बोटं मला लागत पण नव्हती. रबराला काय कळणार? तो मला भाव सांगत होता की नुसता धरून होता, मला पत्ता नाही. सौदा दोन्हीकडून असतो, ही गोष्ट महिनेन् महिने माझ्या ध्यानात आली नव्हती. मी आपला देण्याचाच विचार करत बसलो.

मग राग आला. एवढा आला की वेसण सगळ्या अंगाने ओढली. हात मिटला. लडकूची बोटं आत.

त्याच्या चेहऱ्यावरून समजलं. म्हणाला, "धाकलू, सोड." मी दावं सोडायचा विचार केला, हात आणखी आवळला. गर्दी, घाम, हात लांब ताणलेला. यंत्राला माझं सोडणं धरण्यासारखं दिसत होतं. डाव्या हातात जोडीचा कासरा. तो सोडला असता तर जोडी गर्दीत घुसली असती, बायका-पोरं होती. हाताचं बटण मनगटाच्या खालच्या बाजूला आहे, उपरण्याच्या आत. लडकूच्या डोळ्यांत पाणी.

आणि मी ओरडलो. सगळ्या बाजाराने ऐकलं.

"अमोल, बटण बंद कर!"

तू तिथे नव्हतास. माणसं इकडे तिकडे बघायला लागली. ज्यांना माहीत होतं ती खाली बघायला लागली. लडकूने दुसऱ्या हाताने चाचपून बटण दाबलं आणि बोटं ओढून काढली. निळी पडली होती. मला वाटलं आता हा मला शिव्या घालणार. तो म्हणाला, "आता तोंडानंच सांग भाव. लाज कसली? सगळं तर ऐकलं लोकांनी."

तोंडाने सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा बैलाचा भाव मोठ्याने बोललो. पोरंसोरं हसली. दहा जणांनी त्याच्यात आपलं तोंड घातलं, पडता भाव आला, पण जोडी गेली. आता असाच धंदा करायचा असेल तर करीन, मन लागणार नाही. हात शनिवारी मुंबईला परत देतोय. मॅडम म्हणतात, पुढच्या बॅचला या, हे आम्हाला सुधारायचंय, तुम्हीच हवे. बघू. त्यांचं चुकत नाही. त्यांना दाखवता येईल तेवढं मी दाखवलं.

आता तुझं.

त्या दिवशी वीज गेली म्हणून तू चहाला गेलास आणि यंत्राचं बटण चालूच ठेवलंस. अडकलेला पेंढा काढायला मी हात घातला आणि वीज आली. लोडशेडिंगमध्ये यंत्रापासून उठताना बटण खाली करायचं, हे मी तुला शंभरदा सांगितलं होतं. तू विसरलास. दवाखान्यात तू पायाशी बसून होतास आणि मी तुला विचारलं, बैलांना पाणी दाखवलं का? तेवढंच. त्याच्यावर दोन वर्षं गेली. मला वाटलं काही न बोलणं म्हणजे माफ करणं. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, तुमच्या न बोलण्यात काय हाय ते आमी कसं ओळखायचं?

तर मोठ्याने सांगतो. मला तुझा राग आहे. पुष्कळ आहे. भाकरी मोडताना येतो, शर्टाची गुंडी लावताना येतो, सही करताना येतो. गाढवा, एक बटण होतं.

बाकीचं पत्रात मावत नाही. आणि राग आहे म्हणून मुलगा नको, असं मी म्हटलेलं नाही. राग पण घरात राहील, तू पण राहा. जागा आहे.

पुढच्या गुरुवारी रंभाकडे आई जाणार नाही, मी जाणार. फोन मी उचलणार आहे. आधी मला पोटभर बोलू दे. मग तुझ्या मनात माझ्याबद्दल जे असेल ते तू बोल, मी मधे तोंड घालणार नाही. झालं की आसनगावला कुठल्या गाडीने उतरतोस ते सांग.

तुझा बाप
धाकलू